गावच्या वीजसंस्थेला कोण हॅक करणार? म्हणणाऱ्यांना उत्तर

सातपूरकर
काल इथे एकाने लिहिलं, "वीजवाटप तालुक्याच्या सहकारी संस्थांकडे द्या. एवढीशी संस्था हॅक करून कुणाला काय मिळणार?" वाचून झोप उडाली. अमेरिकेत कोलोरॅडोतली डेल्टा-माँट्रोज ही ग्राहकांच्याच मालकीची वीजसंस्था. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्यावर हल्ला झाला. दिवे चालू राहिले, पण आतली ९० टक्के यंत्रणा बसली, वीसेक वर्षांचा डेटा गेला, बिलं घेणं ठप्प. मॅसॅच्युसेट्समधल्या लिटलटन गावच्या वीजखात्याच्या संगणकांत घुसखोर ३०० हून जास्त दिवस ठाण मांडून होते. एफबीआयचा फोन आला तेव्हा कळलं. लहान घराला कुलूप साधं असतं, म्हणूनच चोर तिथे आधी येतो.

निफाडचा बागाईतदार
आपली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था आठवा. २०११ ला तिच्याकडचं वीजवाटप महावितरणकडे गेलं. तिला काय हॅकरने बुडवलं? थकबाकीने. वसुली होत नाही तिथे सायबरवाल्याचा पगार कोण देणार? आणि १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, तेव्हा राज्य म्हणालं सायबर हल्ला, केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले मानवी चूक. दर वेळी हॅकरची भीती घालू नका.

गंगापूर रोड
यंत्रणेचं राहू द्या, माणसांचं बोला. "आज रात्री ९.३० ला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा." माझ्या वडिलांना असा मेसेज आला. त्यांनी फोन लावला, समोरच्याने सांगितलेलं ॲप टाकलं आणि पेन्शनचे ४८ हजार गेले. वर स्मार्ट मीटर बसवतायत! कोण कधी घरात असतं हेही त्यातून कळणार.

निफाडचा बागाईतदार
ताई, ती वडिलांची चूक. त्याचा वीजसंस्थेशी काय संबंध?

गंगापूर रोड
वडिलांवर जाऊ नका. ७४ वर्षांचा माणूस अंधाराला घाबरला, ही चूक?

सिडकोतली वहिनी
मीटरचंच बोला. आमचं बिल दुप्पट आलं. तक्रारीला गेले तर म्हणे आधी भरा, मग बघू.

सातपूरकर
वहिनी, मीटरसाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. पण ताईंचा मुद्दा अगदी इथलाच आहे. युक्रेनमध्ये डिसेंबर २०१५ ला सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. त्याची सुरुवात कर्मचाऱ्यांना आलेल्या मेलमधल्या फाईलपासून झाली. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउस आपोआप फिरत होता, वीज तोडणारे ब्रेकर पडत होते.

निफाडचा बागाईतदार
मग वीज आली कशी?

सातपूरकर
माणसं सबस्टेशनवर गेली, हाताने ब्रेकर लावले. काही तासांत आली.

निफाडचा बागाईतदार
म्हणजे वायरमनने वाचवलं! तेच म्हणतोय मी. आमच्याकडे एका वायरमनकडे पाच गावं. आधी त्या जागा भरा.

सातपूरकर
भराच. पण तुमच्या पाणी सोसायटीच्या पंपाला मोबाइल स्टार्टर आहे ना? त्याचा नंबर कुणाकुणाकडे आहे?

निफाडचा बागाईतदार
पॅनलच्या दारावर ऑइलपेंटने लिहिलाय, सभासदांच्या सोयीसाठी. परवाच्या उन्हाळ्यात रात्री कुणीतरी त्यावर फोन लावून मोटर चालू केली. विहिरीला पाणी नव्हतं. सकाळी गेलो तर वाइंडिंगचा जळका वास. पोरांचा खोडसाळपणा म्हणून सोडून दिलं. तुमचं सगळं पटलं असं नाही. पण तो नंबर उद्या खरवडतो आणि सिमही बदलतो.

गंगापूर रोड
आणि नवा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.