फाल्गुन-चैत्र : बागेची कामं आणि लेकरांकडची ये-जा. तुमचे अनुभव लिहा

सुरंगी, वेंगुर्ला

नोकरीतून मोकळी झालेली, पण होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत हाताला उसंत नसलेली बरीच जोडपी इथे आहेत. हा धागा त्यांच्यासाठी. या दिवसांत झाडांनाही आपण हवे असतो आणि मुलानातवंडांनाही. तुम्ही हे कसं जमवता? दोघं मिळून जाता की एकाने मागे राहायचं ठरलेलं असतं? गेलात तर पाणी कोण घालतं? सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, हे पोस्टात होते. आता पूर्णवेळ बाग. सासऱ्यांनी लावलेली हापूसची कलमं, उतारावर काजू, परसात रातांबे आणि विहिरीकडे सुरंगीचं एक जुनं झाड.

काजूचं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं, कारण झाडावर चढावं लागत नाही. बोंड पिकलं की आपसूक खाली पडतं. पण म्हणूनच रोज सकाळी जावं लागतं. पालापाचोळ्यात वाकून बी शोधायची, बोंड पिळून वेगळी करायची, उन्हात वाळवायची. एक दिवस चुकला की वांदर आणि चोर दोघांचं फावतं. त्याआधी ओल्या काजूगरांचा हंगाम. त्याची उसळ सगळ्यांना हवी असते, पण हिरवी बी कापताना जो चीक उडतो त्याने कातडी जळते. मी हाताला खोबरेल तेल चोपडते, वर राख लावते, तरी अंगठा आणि तर्जनी काळी पडून सोलवटतातच. नात डोंबिवलीला माझा हात समोर धरते आणि कुठली साल आता निघायला आली आहे ते बघत बसते. तिला तो खेळ वाटतो.

खरी ओढाताण मार्चमध्ये. सून बँकेत आहे. मार्चअखेर म्हणजे तिला घरी यायला रात्र होते. त्याच दिवसांत नातीची परीक्षा. आणि त्याच दिवसांत काजू धो धो पडतो. शिमग्याला मुलगा एकटाच येऊन पालखीला खांदा देऊन परत जातो, आणि जाताना मला घेऊन जातो. हे मागे राहतात. स्वयंपाक त्यांना बरा येतो, काळजी जेवणाची नसते. काळजी असते ती ते भर दुपारी कलमांना पाणी फिरवायला जातात याची.

एप्रिलमध्ये मात्र मी बाग सोडत नाही. हापूस झेल्यानेच, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनेच काढायचा, देठ ठेवून, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि तिथे डाग पडून आंबा कुजतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला आमच्याकडे आहे, त्याला पातं असल्याने देठासकट नीट कापला जातो. सकाळच्या गारव्यात काढणी, सावलीत प्रतवारी, मग पेंढ्यात अढी. मे उजाडला की लेक म्हापश्याहून आणि मुलगा डोंबिवलीहून, दोन्ही घरं पोरांसकट येतात. अढी उघडायचा मान नातवंडांचा. साका निघालेला, म्हणजे आतला गर पांढरट आणि खराब झालेला आंबा कापल्यावरच कळतो, तेव्हा त्यांना मी आधीच सांगून ठेवते की दिसायला चांगला म्हणजे आत चांगला असं नसतं, कापून बघा.

आता तुम्ही लिहा.

नाना, निफाड

नमस्कार ताई. आमच्याकडे द्राक्ष. बागेचा व्यवहार मुलाकडे दिला त्याला बरीच वर्षं झाली, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये मी आणि घरची दोघंही बांधावर असतो. मजुरांची हजेरी माझ्याकडे, चहापाणी आणि सावलीत घडांतले फुटके मणी काढायचं काम तिच्याकडे. कात्री धरायला तिच्याइतका हलका हात आमच्या घरात दुसऱ्या कुणाचा नाही. घड हातात घेताना मण्यांवरची पांढरी लव पुसता कामा नये, देठाला धरूनच फिरवायचा. नव्या मजूर बायांना ती हेच आधी शिकवते.

तुम्ही कुणाकडे जाता असं विचारलंत. खरं सांगायचं तर माल निघेपर्यंत कुठेच नाही. 2014 ला फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली ती आठवली की आजही पोटात गोळा येतो. तोडायला आलेले घड गारांनी फुटून चिखलात पडले होते. तेव्हापासून आभाळ भरून आलं की कुणी घराबाहेर जात नाही, जाऊन काही करता येत नसलं तरी.

माल गेल्यावर वेलीला थोडी विश्रांती आणि मग एप्रिलमध्ये खरड छाटणी. लोकांना ऑक्टोबरची गोडी छाटणी माहीत असते, कारण तिच्यामागून फळ येतं. पण पुढच्या वर्षीचा घड ठरतो तो खरड छाटणीनंतर. नवीन काडीच्या डोळ्यात, म्हणजे जिथून पुढे फूट येते त्या कोंबात, सूक्ष्मघड तयार होतो तो या उन्हाळ्यातच. त्या दिवसांत काड्यांची गर्दी झाली आणि डोळ्यांना ऊन मिळालं नाही, तर ऑक्टोबरात काहीही फवारा, नुसती पानं येतात. म्हणून फुटवे विरळायला मी स्वतः उभा राहतो.

गेल्या साली लेकीने पुण्यात घर घेतलं, वास्तुशांत नेमकी छाटणीच्या आठवड्यात. घरची म्हणाली, मी जाते, तुम्ही बाग बघा. मी म्हणालो, ठीक. ती गेली आणि संध्याकाळी मुलगा बांधावर येऊन म्हणाला, दादा, छाटणी मी करतो, तुम्ही गाडीत बसा. रात्री उशिरा पुण्यात पोचलो. सकाळी पूजेला जावयाच्या वडिलांशेजारी बसलो होतो. छाटणी मुलाने उत्तम केली, एक-दोन डोळे राखून, जशी मी करतो तशीच. यंदा लेकीला सांगून टाकलंय, तारीख कुठलीही धर, आम्ही दोघं येतो.

सुरंगी, वेंगुर्ला

नाना, हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या मुलाला बागेतलं येतं, पण त्याच्या हाती द्यायचा धीर ह्यांना अजून होत नाही. त्यांना तुमचं लिहिणं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

गच्चीवरची, पुणे

आमची बाग गच्चीवर, कुंड्या आणि जुने ड्रम. दोन्ही मुलं बंगळुरूला, त्यामुळे गेलो की दोघं जातो आणि चांगले बरेच दिवस राहतो. पाण्याचं विचारलंत म्हणून तेच लिहिते, कारण पुण्यात एप्रिलचं ऊन कुंडीला एक दिवससुद्धा माफ करत नाही.

निघायच्या आधी सगळ्या कुंड्या टाकीच्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवतो. मातीवर वाळक्या पानांचा जाड थर. मधोमध पाण्याने भरलेली झाकणाची बादली, तिच्यातून जाड सुती दोऱ्या काढून प्रत्येक कुंडीच्या मातीत बोटभर खोल खुपसायच्या. दोरी पाणी ओढते आणि माती ओलसर राहते. बादली कुंडीपेक्षा थोडी उंचावर हवी, आणि दोरी घरी आधी एकदा करून बघावी, सगळ्याच दोऱ्या सारखं पाणी ओढत नाहीत. टोमॅटो, वांगी यांच्यावरची फळं-फुलं काढून टाकायची, म्हणजे झाडाला पाणी कमी लागतं. फळं काढताना जीव होत नाही, हे खरं. तरीही मधूनमधून बादली भरायला शेजारच्या वहिनी येतातच, आणि त्यांच्या गावी जाण्याच्या दिवसांत आम्ही त्यांच्या तुळशीला.

एका गोष्टीसाठी मात्र मी चैत्रात पुण्यात असतेच, ती म्हणजे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे मधला महिनाभरातला कुठलाही दिवस धरता येतो. आंब्याची डाळ आणि पन्हं सगळेच करतात. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना ओंजळभर मोगरा घरचा मिळतो. त्यासाठी जानेवारीअखेर मोगऱ्याची छाटणी करते, आधी पाणी थोडे दिवस तोडते, मग माती उकरून शेणखत घालते आणि पाणी सुरू करते. गुढीपाडव्याच्या सुमाराला कळ्या दिसू लागतात. यंदा धाकटी सून हळदीकुंकवासाठी मुद्दाम बंगळुरूहून आली. तिच्या माहेरी ही पद्धत नाही. तिने गौरीपुढची आरास एकटीने मांडली, कलिंगडाचं कमळ कापलं, आणि परत जाताना मोगऱ्याच्या दोन कटिंग ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या. दोन्ही फुटल्यात.

दोन वसंत, सांगली

आमचा मामला उलटा आहे. लेक मेलबर्नला, तिथला वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर. त्यामुळे इथला चैत्र सांगलीत आणि तिथला वसंत लेकीच्या मागच्या अंगणात, असे दोन मिळतात. गौरी-गणपती उरकून निघतो.

पहिल्या खेपेला मेथी आणि घेवड्याचं बी न्यायचं मनात होतं. लेकीने फोनवरच बजावलं, बी नाही, कढीपत्ता तर अजिबात नाही. तिथे विमानतळावर सामान कसून तपासतात आणि शेतीला रोग-कीड लागू नये म्हणून नियम कडक आहेत. मी शेती खात्यात होतो, त्यामुळे मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट कौतुकच वाटलं. बी तिथल्या दुकानातून घेतलं. मेथी फार सुंदर येते, थंडावा असल्यामुळे लवकर फुलावर जात नाही.

टोमॅटोचं तिथलं गणित शेजारच्या इटालियन आजोबांनी सांगितलं. मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी असते, त्या सुमाराला रोपं जमिनीत गेली पाहिजेत. त्याच्या फार आधी लावली तर रात्रीच्या गारठ्याने खुरटतात. मी आपलं मृग, आर्द्रा मोजत वाढलेला माणूस, मला हे फार आवडलं. आजोबांना इंग्रजी बेताचं, मलाही बोलायला अडखळायला होतं, पण कुंपणावरून रोप दाखवून खालची पानं खुडायची की ठेवायची यावर आमचं अर्धा अर्धा तास चालतं.

हिने तिथे काय केलं ते सांगायला हवं. लेक-जावई दोघं नोकरीला, नातू शाळेतून येताना आजीबरोबर चालत येतो. वसंतात मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतो. नातवाच्या सायकलच्या हेल्मेटला प्लॅस्टिकच्या बंदांची टोकं उभी लावलेली आहेत, तिथे सगळी मुलं लावतात. ही सुरुवातीला घाबरायची. मग छत्री उघडून, नातवाला कडेला घेऊन, त्याच रस्त्याने जायला लागली. दुसरा रस्ता लांबचा होता आणि पोराला भूक लागलेली असते, एवढंच तिचं म्हणणं.

सांगलीतली बाग तेव्हा माझा धाकटा भाऊ बघतो. परतीच्या पावसाचे दिवस असल्याने पाण्याची चिंता नसते. तण मात्र माजतं, ते आल्यावर दोघं मिळून काढतो.

निंबोणी, अमळनेर

मी अंगणवाडीत होते, हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये. आम्हाला मूल नाही. ताईंनी मुलानातवंडांचं विचारलं तेव्हा लिहावं की नाही असं वाटलं, पण आमच्याकडेही या दिवसांत घर भरलेलं असतं म्हणून लिहितेय.

माझी नणंद गेली तेव्हा तिच्या तिघी मुली लग्नाच्या झाल्या होत्या. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे. त्यांना माहेर उरलं नव्हतं. हे स्वतः जाऊन तिघींना घेऊन आले, आणि तेव्हापासून दर आखाजीला तिघी येतात, पोरं घेऊन.

त्याआधीचं माझं काम म्हणजे कुरडया, पापड, शेवया, प्रत्येकीचा डबा वेगळा. गहू भिजत घालण्यापासून चीक शिजवेपर्यंत सगळं हे बरोबरीने करतात. चीक ढवळायला ताकद लागते, चाटू ह्यांच्या हातात. अंगणात लिंबू, शेवगा, एक गावरान आंबा आणि मोठा निंब आहे. घागर पुजायची म्हणून माठ आणतो, त्यावर डांगर (खरबूज) आणि सांजोरी ठेवतो, पितरांच्या नावाने. त्यात नणंदेचंही नाव घेतो. मांडे मी खापरावर करते. थोरली आता शिकली आहे, तिचा मांडा फाटत नाही.

झोका निंबाला. दोर हे दरवर्षी नवा आणतात आणि मुली यायच्या आधी स्वतः त्यावर बसून बघतात. यंदा ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चढायला डॉक्टरांनी मनाई केली. मधलीच्या मुलाने, कॉलेजात आहे तो, फोन करून सांगितलं की मी दोन दिवस आधी येतो, दोर मी बांधतो, तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा आणि गाठ कशी मारायची ते सांगा.