‘मेल्टडाऊन’साठी मराठी शब्द: हट्ट नव्हे, मग काय?

पत्रककर्ता, धरमपेठ
स्वमग्न (ऑटिस्टिक) आणि अतिचंचल (एडीएचडी) मुलांच्या पालकांसाठी एक मराठी पत्रक लिहीत आहे आणि पहिल्याच पानावर ‘मेल्टडाऊन’पाशी अडलो आहे. आवाज, उजेड, गर्दी किंवा ऐनवेळी बदललेला बेत यांचा ताण सहन न होऊन मूल ओरडू लागते, कधी स्वतःला मारून घेते. घरात याला सर्रास ‘हट्ट’ म्हणतात. पण हट्टात खाऊ हाती पडला की रडणे थांबते, आणि इथे हवे ते दिले तरी थांबत नाही, कारण मुलाने काही मागितलेलेच नसते. ‘उद्रेक’ लिहिले, तर साथीच्या रोगाची बातमी वाटते. कृपया सुचवावे.

जुना वाचक, महाल
‘आकांत’ हा घरोघरी चालणारा शब्द असताना नवा कशाला घडवायचा? शिवाय तो ‘आक्रंद’चाच वंशज असावा असे मला नेहमी वाटत आले आहे, म्हणजे त्यात दुःखही आले.

निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर
व्युत्पत्ती बाजूला ठेवून क्रियापद पाहावे. आकांत ‘मांडतात’, थैमान ‘घालतात’, तमाशा ‘करतात’. या प्रत्येक प्रयोगात मूल कर्ता आहे आणि जे चालले आहे ते त्याने जाणूनबुजून चालवले आहे, असे ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप ठसते. ‘अनावर होणे’ घ्यावे: तिथे कोणी काही करत नाही, होते. जे आवरता येत नाही ते अनावर, एवढे कळले तरी त्या क्षणी ‘आवर आता स्वतःला’ म्हणणे किती निरर्थक आहे, हे पालकांच्या लक्षात येईल.

बोलीप्रेमी, वर्धा रोड
आमच्याकडे ‘पोट्टं बिथरलं’ म्हणतात, तेच लिहा. बैल बिथरला तर कोणी त्याला नीतिपाठ देत नाही, गर्दीतून बाजूला घेऊन शांत उभे करतात. माझा भाचा नागपुरातल्या मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत असाच बिथरला होता. एकीकडे ढोल, दुसरीकडे ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्या, आणि आम्ही तिघे त्याच्या कानाशी ‘काय झालं, काहून रडून राहिला, सांग ना’ म्हणून ओरडत होतो. पुढच्या वर्षी बहिणीने आदल्या दिवशी फोटो दाखवून ‘आधी पिवळी मारबत येईल, मग ढोल, मग आपण घरी’ असे क्रमाने सांगितले आणि लांबच्या गच्चीवरून मिरवणूक दाखवली. पोरगं खुशाल पाहत बसलं.

जुना वाचक, महाल
जनावराला लावायचा शब्द छापील पत्रकात लेकरांना लावणार? बोलीचे प्रेम ठीक आहे, पण मर्यादा हवी.

एक आई, मनीषनगर
शब्द कोणताही घ्या, त्या वेळी बोलायचे काय हेही लिहा. माझ्या मुलाला तेव्हा बोललेले समजून घेणेच जड जाते, म्हणून मी मिक्सर बंद करते, ‘मी इथे आहे’ म्हणते आणि गप्प बसते. समजावणे नंतर, तो निवल्यावर. एरवीही आपली मराठी अशा मुलांना फार अवघड आहे. ‘चप्पल घालतो का?’ विचारले की तो ‘नाही’ म्हणतो आणि आजोबा त्याला उद्धट ठरवतात. वास्तविक त्याने प्रश्नाचे सरळ उत्तर दिलेले असते. मी ‘आधी चप्पल, मग गाडी’ म्हणते आणि थोडी वाट पाहते. ‘आलोच दोन मिनिटांत’ हे तर घरात बंदच केले आहे, कारण तो घड्याळ पाहतो. तहान लागली की तो स्वतःच ‘पाणी पाहिजे का?’ म्हणतो. पाणी हाती येण्याआधी त्याने हेच वाक्य ऐकलेले असते. नातेवाईक याला पोपटपंची म्हणतात, मी याला मागणे समजते आणि पाणी देता देता ‘मला पाणी पाहिजे’ असे त्याच्या बाजूने म्हणते.

निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर
ताई, ऐकलेलेच वाक्य पुन्हा बोलून मूल मागणी करते किंवा होकार देते, हे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 च्या 11 स्वमग्न मुलांवरील लेखातच नोंदवले आहे. तरी आपल्या शिक्षकवर्गात ‘पोपटपंची’ अजून ठाण मांडून आहे.

बोलीप्रेमी, वर्धा रोड
मग ‘स्वमग्न’ तरी कुठे बरोबर आहे? मग्न तर भजनातही होतात. जो मुलगा पंख्याचा बारीक आवाजही कानाआड करू शकत नाही, तो स्वतःत मग्न कसा?

जुना वाचक, महाल
‘ऑटिझम’ ही मूळ संज्ञा ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’ यावरूनच मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी घडवली, तीही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. मराठी अनुवाद चोख आहे. दोष असेल तर मुळात.

बोलीप्रेमी, वर्धा रोड
मुळातला दोष आपणही जपून ठेवावा, असा नियम आहे का?

पत्रककर्ता, धरमपेठ
‘स्वमग्न’ आता रुळला आहे, तो बदलणे माझ्या आवाक्यात नाही. ‘अनावर होणे’कडे माझा कल आहे. दुसऱ्या पानावर मात्र ‘शटडाऊन’ आहे: ताण असह्य झाल्यावर मूल ओरडण्याऐवजी बोलणेच थांबवते, हाकेला ओ देत नाही. तिथे ‘घुम्या’ लिहू नये, एवढेच कळते.

एक आई, मनीषनगर
मी ‘मिटून गेला’ म्हणते.

जुना वाचक, महाल
‘मिटणे’ भांडणाचेही असते. आणि ‘अनावर’ला माझा विरोध कायम आहे, कारण आपल्याकडे हसूही अनावर होते.