हॅलोविनच्या जुन्या ड्रेसची अदलाबदल करून शाळेसाठी पैसे जमवायचे : करावं का नको?

माळ्यावरचा_पसारा
ऑक्टोबर लागला की शाळेचा मेसेज येतोच, ३१ तारखेला हॅलोविन डे, मुलांना कॉस्च्युममध्ये पाठवा. मग आपण रात्री झोपायच्या आधी मोबाईलवर चेटकिणीचा झगा शोधत बसतो, तो येतो, पोरगी चार तास घालते आणि त्याची रवानगी माळ्यावर. आमच्या माळ्यावर आत्ता एक सांगाड्याचा टीशर्ट, एक ड्रॅक्युलाची केप, गॅदरिंगचा पोपट आणि पंधरा ऑगस्टचा नेहरू एवढी मंडळी एकाच बॅगेत राहतात.
तर डोक्यात असंय की, ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर हॉलमध्ये सगळ्यांनी आपापले ड्रेस धुऊन आणायचे. एक ड्रेस दिला की एक कूपन, कूपनवर दुसरा ड्रेस घ्यायचा, एंट्रीला ५० रुपये. पैसे खो-खोच्या मुलींच्या बाहेरगावच्या मॅचेससाठी, कारण दरवेळी त्यांच्या गाडीभाड्यालाच पैसे कमी पडतात. काय वाटतं सांगा.

बाळीवेस_कट्टा
कसलं हॅलोविन बे सोलापुरात! आत्ता कुठं पितृपक्ष संपला, पितरांना जेवू घालून झालं, आणि लगेच भुतांचा वाढदिवस? २०२४ ला तर ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती, पोरानं पहाटे उटणं लावायचं का तोंडाला काळं फासायचं? वेश करायचाच तर डॉ. कोटणीस करा की, आपल्या गावचा माणूस, १९३८ ला चीनला गेला पेशंट बघायला, पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप, खर्च शून्य. इंग्रजांनी फाशी दिलेले आपले चार हुतात्मे करा. पोरांना विचारा हुतात्मा चौकातले चौघं कोण, एक नाव येणार नाय.

आरती_जुळे_सोलापूर
दादा नाव नका ना धरून बसू. मूळचा तो आयर्लंड-स्कॉटलंडकडचा सण, सुगी संपून थंडी सुरू होताना मेलेले लोक परत येतात अशी समजूत, म्हणजे तुमच्या पितृपक्षापासून फार लांब पण नाही 😄 आणि पैसे जमवायचं म्हणाल तर अमेरिकेत १९५० पासून मुलं हॅलोविनला चॉकलेट मागत फिरताना युनिसेफसाठी डबा घेऊन फिरतात, चिल्लर गोळा करतात. सोंगं काढून दारोदार जाणं आपल्याला तरी कुठं नवीन आहे, बहुरूपी यायचे की आपल्या लहानपणी. माझा पाठिंबा आहे. तसंही हे ड्रेस म्हणजे निव्वळ प्लास्टिक, ब्रिटनमध्ये २०१९ ला दुकानांतले हॅलोविनचे कपडे तपासले तर ८३ टक्के माल पॉलिस्टरसारखा खनिज तेलापासून बनलेला निघाला. ते एकदा घालून फेकायचं म्हणजे काय.

बाळीवेस_कट्टा
तेच तर म्हणतोय की. ज्या गावात चादरी विणतात, टॉवेल विणतात, अख्ख्या देशाला शाळेचे युनिफॉर्म शिवून देतात, त्या गावात बाहेरचा पॉलिस्टरचा झगा ऑनलाइन मागवायचा. पहिलं मागवणं बंद करा, मग अदलाबदल कशाची करायची तेच उरणार नाय.

ड्रेसवाले_काका
मी भाड्यानं फॅन्सी ड्रेस देतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळं माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगतो. पण धंद्याचं राहू द्या, मालाचं ऐका. घरातनं येणाऱ्या ड्रेसमधले निम्मे घालायच्या लायकीचे नसतात. कमरेचं इलास्टिक गेलेलं असतं, चेन अर्ध्यात अडकते, पाठीला हुकच्या जागी सेफ्टी पिन, आणि पोपटाची चोच हमखास दबलेली. केपला गळ्याशी जी नाडी असते ती ओढून गाठ बसलेली असते, ती सुटत नाही म्हणून आई कात्री लावते, संपली केप. दाढी-मिशीला गम लावलेला असतो, त्यावर धूळ बसून ती पुठ्ठ्यासारखी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विग आणि टोप्या अजिबात घेऊ नका. एका पोराच्या उवा चाळीस पोरांच्या डोक्यात गेल्या की खो-खो राहिला बाजूला, सगळ्या आया शाळेच्या गेटवर. जिरेटोप तर धुता पण येत नाही, आतला पुठ्ठा भिजला की गेला. मास्कचं पण तेच, सगळ्यांची लाळ.
आणखी एक, हे कापड भकाभका पेट घेतं. ड्रेस घरी गेला की दिवाळीत पोरं तोच घालून फुलबाज्या उडवणार. हॉलमध्ये पाटी लावा.

आरटीईवाली_आई
माझा मुलगा आरटीईच्या पंचवीस टक्क्यांतून या शाळेत आहे. माळा सगळ्यांच्या घरी असतो असं धरूनच हे चाललंय. आमची एक खोली आहे, त्यात ड्रॅक्युला नाही. गेल्या वर्षी मी माझ्या काळ्या ओढणीला सुतळी ओवून केप केली, ती परत ओढणी झाली. मग माझ्याकडं द्यायला काय? एक द्या एक घ्या म्हटलं की मी दारातच बाहेर. वर तुम्ही कुणाचा तरी जुना ड्रेस फुकट दिलात तरी शाळेत दुसरा मुलगा म्हणणार, ए हा माझा आहे, याच्या बाहीवर मीच आईस्क्रीम सांडलेलं. सात वर्षाचं पोर काय उत्तर देणार त्याला?

माळ्यावरचा_पसारा
ताई, ज्यांच्याकडं ड्रेस नाही त्यांना क्लास टीचरकडून गुपचूप कूपन देता येईल ना.

आरटीईवाली_आई
गुपचूप? शाळेत काय गुपचूप राहतं? टीचर वर्गात कुणाला बोलावते ते चाळीस पोरं बघतात. कूपनच काढून टाका. ड्रेस शाळेला देऊन टाकायचे, ज्याला द्यायचेत त्यानं आठवडाभर आधी, नाव न लिहिता. शनिवारी सरळ विक्री, कुठलाही ड्रेस ३० रुपये. तीस रुपये मी देऊ शकते आणि मी विकत घेतला म्हणून ताठ मानेनं आणू शकते.

हिशेबनीस
सगळं छान, पण हिशेब कुणी मांडला का? १०० ड्रेस आले, काकांच्या म्हणण्याप्रमाणं निम्मे बाद, उरले ५०, गुणिले ३०, झाले १५००. तेवढ्यात तर नुसता फ्लेक्स, चहा, वडापाव आणि आपल्या पालक कमिटीचे फोटो होतात. खो-खोच्या पोरींना द्यायचेच असतील तर प्रत्येकानं आपल्या खुशीनं शंभर रुपये टाका, दुपारपर्यंत विषय संपला. आणि काही असो, आधी पालक-शिक्षक संघात ठराव आणि पैशाची पावती पाहिजेच, नाहीतर पुढच्या वर्षी हीच "मदत" फीच्या कार्डावर छापून येते.

आरती_जुळे_सोलापूर
शंभर टाका म्हटलं की कोण टाकतं ते बघितलंय सगळ्यांनी, ग्रुपवर नुसते अंगठे येतात 👍👍 पैसा कमी आला तरी घराघरात नवीन ड्रेसचे चार-पाचशे वाचले ते धरा ना हिशेबात. फ्लेक्स नकोच, फळ्यावर खडूनं लिहा.

माळ्यावरचा_पसारा
ठीक, कूपन रद्द, विक्रीच करू, आरटीईवाल्या ताईंचं पटलं. विग, मास्क, टोप्या बंद. पावतीपुस्तक संघाचं. पण नाव हॅलोविनच राहणार, कारण शाळेनं ३१ तारीख कॅलेंडरवर छापलीय, पोरं तो ड्रेस मागणारच, तुम्ही कोटणीसांचा कोट द्या नाहीतर हुतात्म्यांची टोपी द्या. बाळीवेसवाले दादा, तुमचे पांढरे कोट पण आणा, वेगळं टेबल लावू.

बाळीवेस_कट्टा
आणतो. पण भुतांच्या शेजारी टेबल नको.

ड्रेसवाले_काका
शनिवारी दोन तास मशीन घेऊन येतो. इलास्टिक, चेन, हुक जागेवर लावून देईन, एका ड्रेसचे २० रुपये. ते २० माझे, खो-खोचे नाहीत, हे आत्ताच ठरावात लिहा.