मदत हवी आहे: आईला स्टीव्हस्टनची कॅनरी दाखवायचीये

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आई व्हॅन्कुव्हरला येतेय, पहिल्यांदाच. तिची अख्खी हयात ससून डॉकवर कोलंबी सोलण्यात गेली, म्हणून तिला व्हॅन्कुव्हरजवळच्या स्टीव्हस्टनचं गल्फ ऑफ जॉर्जिया कॅनरी म्युझियम दाखवायचंच असं ठरवलंय. कॅनरी म्हणजे मासे डबाबंद करायची फॅक्टरी; ही १८९४ सालची, सामन माशांची, फ्रेझर नदीच्या काठावर लाकडी खांबांवर उभी, पुढे तिथे हेरिंग माशांचं तेल पण काढायचे, १९७९ ला बंद पडली नि आता म्युझियम आहे.

तिथे मासे धुवून डबे भरायचं काम बरंचसं मूळ रहिवासी आणि जपानी बायका करायच्या, काहीजणी तर पाठीवर पोर बांधून, आणि हे आईला तिथे उभं राहूनच कळावं असं मला फार वाटतं, कारण मी पण डॉकवर तिच्या टोपलीशेजारीच वाढलेय.

तर विचारायचं होतं की वयस्कर आईवडलांना घेऊन कोणी गेलंय का? तिचे गुडघे दुखतात, तर मधे बसायला मिळतं का, आणि किती वेळ धरायचा? तिला इंग्रजी येत नाही, मीच सांगणार, पण डबाबंद करायची मशीनं मराठीत सोपी करून कशी सांगू? कोणी सांगितली असतील तर प्लीज लिहा.