फिर्यादीने शपथपत्र दिलं तर केस बंद होते का? (इंदूर)

रामबागकर
पार्किंगवरून शेजाऱ्यांत मारामारी झाली. रिपोर्ट भावाने लिहिली, मार त्याला आणि वहिनीला लागला. भारतीय न्याय संहितेची कलमं २९६ (शिवीगाळ), ११५(२) (इजा करणं), ३५१(२) (धमकी), ३(५) (सामाईक इरादा). आता दोन्ही घरांत समेट झालाय. भावाने नोटरीकडे "कारवाई नको" असं शपथपत्र करून ठाण्यात दिलं. त्यांनी ठेवून घेतलं, पण चालान (आरोपपत्र) लावणारच म्हणतात. असं करता येतं का त्यांना? पुढे काय करायचं?

कोर्टबाजू
करता येतं. एफआयआर झाली की खटला शासन विरुद्ध आरोपी असा चालतो, फिर्यादीला तो परत घेता येत नाही. शपथपत्र केस डायरीला लागेल, तपास त्याने थांबत नाही.

आधी त्या शपथपत्राची नक्कल काढून नीट वाचा. टायपिस्टच्या तयार नमुन्यात बऱ्याचदा "रिपोर्ट गैरसमजातून लिहिली, अशी घटना घडलीच नाही" असं वाक्य असतं. ते घातक आहे. पोलिसांनी खात्म्याऐवजी (साधा तपास बंद करण्याऐवजी) खारिजी लावली, म्हणजे रिपोर्टच खोटी ठरवली, तर खोटी माहिती दिल्याबद्दल न्याय संहितेचं कलम २१७ भावावरच येऊ शकतं. घटना नाकारायची नाही. "आपसांत राजीनामा झाला, पुढे कारवाई नको" एवढंच पुरतं (राजीनामा म्हणजे इथल्या कोर्टाच्या भाषेत समेट).

खरा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ चा (जुन्या दंड प्रक्रिया संहितेचं ३२०). चालान लागल्यावर मॅजिस्ट्रेटपुढे राजीनाम्याचा अर्ज द्यायचा. ११५(२) आणि ३५१(२) दोन्ही राजीनामायोग्य, त्यांना कोर्टाची परवानगीही लागत नाही. पण कोर्ट दोन्ही पक्षांना समोर उभं करून विचारतं: दबाव आहे का, पैसे घेतले का. आधार मूळ न्या, ओळख वकील देतात. मंजूर झालं की त्या कलमांपुरता आरोपी दोषमुक्त.

हमखास चूक म्हणजे सही फक्त फिर्यादीची. राजीनाम्याचा हक्क ज्याला इजा झाली त्याचा असतो. म्हणजे वहिनींचीही सही आणि हजेरी हवी. उलट केस (काउंटर) असेल तर त्यात वेगळा अर्ज.

रामबागकर
आणि २९६?

कोर्टबाजू
तिथेच गाडी अडते. शिवीगाळीचं हे कलम ३५९ च्या तक्त्यात नाही. जुन्या ३२० ला मध्य प्रदेशची स्वतःची दुरुस्ती होती, त्यामुळे "आमच्या वेळी २९४ मध्येही झाला होता राजीनामा" असं कोणी सांगेल (२९४ म्हणजे २९६ चं जुनं कलम). १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू आहेत, त्यानंतरच्या गुन्ह्याला तो दाखला धरू नका. बाकी कलमं मिटली तरी २९६ चा खटला उरतो.

मेडिकल रिपोर्टही बघा. एक्स-रेत हाड मोडलेलं निघालं तर ११७(२) वाढतं, त्यात राजीनामा होतो पण कोर्टाच्या परवानगीने. काठी किंवा चाकूचं ११८(१) लागलं तर तोही रस्ता बंद.

एमजी रोड
मग हायकोर्टाची इंदूर खंडपीठ. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ (जुनं ४८२) खाली एफआयआर रद्द करण्याची याचिका, ती आरोपी लावतो. फिर्यादी आणि जखमी त्यात अनावेदक (प्रतिवादी). सोबत राजीनाम्याचा अर्ज आणि शपथ आयुक्तापुढे केलेलं शपथपत्र; ठाण्यातलं जुनं नोटरीचं इथे चालवू नका. त्यात अपराध क्रमांक, वर्ष, ठाणं, सगळी कलमं आणि चालान लागलं असेल तर प्रकरण क्रमांक नीट असावा. कलम सुटलं की पुन्हा अर्ज.

इथली पद्धत अशी, की न्यायमूर्ती बहुधा आधी दोन्ही पक्षांना प्रिन्सिपल रजिस्ट्रारकडे पाठवतात. तिथे बयान होतात, राजीनामा स्वखुशीने झाला का याचा अहवाल जातो, मग प्रकरण लागतं. त्या तारखेला एक जखमी आला नाही तर सगळं लांबतं.

सगळ्याच गुन्ह्यांत हे होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या ज्ञान सिंह (२०१२) निकालापासून रेषा स्पष्ट आहे: खून, बलात्कार, दरोडा यांत समेट ऐकला जात नाही. मुलांच्या लैंगिक छळाबद्दल सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये तेच सांगितलं. खुनाच्या प्रयत्नात इजा कुठे झाली, हत्यार कोणतं हे तपासलं जातं. हे सांगणारा लक्ष्मीनारायण निकाल (२०१९) मध्य प्रदेशातूनच गेलेला. तुमचं प्रकरण यापैकी कशातच येत नाही.

सुदामानगर
याचिकेचा खर्च वाचवायला "कोर्टात बयान फिरवा, केस आपोआप पडेल" असा सल्ला सर्रास मिळतो. फिर्यादी पक्षद्रोही (फितूर) झाला तरी डॉक्टर आणि दुसरे साक्षीदार उरतात. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या १८३ खाली मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर बयान झालं असेल तर खोट्या साक्षीचं न्याय संहितेचं कलम २२९ लागू शकतं. त्यापेक्षा याचिकाच स्वस्त.

शपथपत्र आरोपीच्या वकिलाकडून लिहून घेऊ नका. आणि आदेश झाला की प्रमाणित नकला काढा: एक ठाण्यात पावती घेऊन, एक खालच्या कोर्टात. ही नक्कल पोचली नाही तर खालच्या कोर्टात तारखा चालूच राहतात आणि गैरहजेरीचा वॉरंट निघतो.