पेठेतल्या मंडळाचा स्वतःचा फेडरेटेड सर्व्हर: आधी तीन महिने एकट्यानं चालवा, मग पोरांना बोलवा

शुक्रवारपेठ

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचं एका मोठ्या कंपनीच्या साइटवर पान होतं. आठ-नऊ हंगामांचे फोटो, शाहू स्टेडियमवरच्या मॅचेस, जुन्या खेळाडूंनी लिहिलेल्या आठवणी. गेल्या वर्षी ते एका रात्रीत बंद झालं. तक्रार केली, छापील उत्तर आलं, विषय संपला. त्यातले बरेच फोटो आता कुणाच्याच मोबाईलमध्ये नाहीत. तेव्हापासून मंडळात सगळ्यांचं एकच म्हणणं, आपलं स्वतःचं काढूया.

मी काढलंय, फेडरेटेड सर्व्हर, म्हणजे वेगवेगळ्या लोकांचे स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी जोडलेले. भाड्याचा व्हीपीएस (इंटरनेटवरची भाड्याची मशीन), 1 जीबी रॅम, त्यावर गोटूसोशल हे छोटा सोशल सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर. महिन्याला पाचशेच्या आत भागतं. ट्विटरसारखं मॅस्टोडॉन ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपबवर (सर्व्हरनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) चालतं त्यावरच हेही चालतं, त्यामुळे मॅस्टोडॉनवरचा कुणीही आपल्याला फॉलो करू शकतो आणि आपण त्याला. अ‍ॅक्टिव्हिटीपब 2018 पासून डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मान्य मानक आहे, उद्या कुठली एक कंपनी बुडाली म्हणून ते बंद पडणार नाही.

पण अजून मी एकाही पोराला खातं दिलेलं नाही, आणि त्यावरून मंडळात माझ्याशी भांडण चालू आहे. माझं मत: पहिले तीन महिने सर्व्हरवर फक्त चालवणारा असावा. कारण सांगतो.

दुसऱ्या आठवड्यात काहीतरी बिघडलं. मी सरळ सगळं पुसलं आणि त्याच डोमेनवर, त्याच नावानं, नव्यानं बसवलं. वेबसाइट असती तर चाललं असतं. इथं प्रत्येक खात्याची एक खासगी किल्ली असते, ती डेटाबेसमध्ये असते आणि तुमची प्रत्येक पोस्ट तिच्या सहीनं बाहेर जाते. डेटाबेस गेला, किल्ली गेली, फॉलोअरची यादीही गेली. समोरच्या सर्व्हरवर मात्र सगळं जुनंच. पुण्याच्या मित्राला दिसत होतं की तो मला फॉलो करतोय, माझ्याकडे त्याची नोंदच नाही. माझी एकही पोस्ट त्याला पोचत नव्हती. त्यानं अनफॉलो करून परत फॉलो केलं तेव्हा गाडी रुळावर आली. हे तेव्हा एका मित्राबाबत झालं. पन्नास पोरं आणि त्यांचे पाचशे फॉलोअर असते तर?

फाउंड्रीवाला

भावा, मुद्दा पटला, पण मग भाड्याच्या मशीनवर कशाला ठेवलंस? स्वतःचं म्हणायचं आणि डिस्क दुसऱ्याच्या कपाटात. उद्या त्यानं भाडं वाढवलं, खातं बंद केलं, की परत तीच गोष्ट. गोटूसोशल रास्पबेरी पायवर, त्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर, आरामात चालतं. माझ्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, इन्व्हर्टरला लावून ठेवू. लाइट गेली तरी चार तास चालतंय.

शुक्रवारपेठ

इन्व्हर्टरनं लाइटचा प्रश्न सुटतो, पुराचा सुटत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, धोका पातळी 43. शाहूपुरी कुंभार गल्लीत काय झालं ते आपण बघितलंय. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. तुझं घर कोरडं राहील, पण गल्लीतली केबल, ब्रॉडबँडचा डबा आणि ट्रान्सफॉर्मर खालीच आहेत.

दुसरी अडचण रोजची आहे. घरच्या बऱ्याच कनेक्शनना आता स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येईल असा इंटरनेटचा पत्ता, मिळत नाही, कंपनी एका आयपीमागं शेकडो घरं बसवते. बाहेरचा सर्व्हर तुझ्या दारापर्यंत पोचतच नाही. त्यासाठी जादा पैसे भरून स्टॅटिक (कायमचा स्वतःचा) आयपी घे, नाहीतर व्हीपीएसवरून टनेल, म्हणजे आत यायची आडवाट, टाक. म्हणजे व्हीपीएस आलाच की.

फाउंड्रीवाला

दोन दिवस बंद राहिला तर काय बिघडतं? समोरचे सर्व्हर पोस्ट परत परत पाठवून बघतात. ईमेलसारखंच आहे.

शुक्रवारपेठ

दोन दिवसांपर्यंत तुझं बरोबर आहे. पण मॅस्टोडॉन सात वेगवेगळ्या दिवशी तुझ्याकडे पोचू शकलं नाही तर तुझा सर्व्हर बंद धरतं आणि पाठवणंच थांबवतं. तुझ्याकडून पुन्हा काही गेलं की चालू होतं, मधलं मात्र परत येत नाही. आणि पुराचा आठवडा म्हणजे नेमका लोकांना आपली गरज असते तो आठवडा. कुठला रस्ता बंद, कुठं होडी लागली, कुणाकडे जेवण हे त्याच दिवसांत विचारलं जातं.

रंकाळाकाठ

मी तुम्हा दोघांच्याही विरोधात आहे. सर्व्हर कुठं ठेवायचा यावर वाद घालताय, पण त्यावर लोकांचं काय काय साठणार हे कुणीच बोलत नाही.

फेडरेटेड सर्व्हरवरचे खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. डेटाबेस ज्याच्या हातात, तो ते वाचू शकतो. मोठ्या कंपनीचा इंजिनिअर मला ओळखत नाही. पेठेतला अ‍ॅडमिन मला ओळखतो, माझ्या दादाला ओळखतो, रोज गल्लीच्या तोंडाला उभा असतो. एखादी मुलगी त्या सर्व्हरवर मैत्रिणीला मनातलं लिहील का? आणि न कळता लिहिलंच, तर?

दुसरं, तुमच्या टीममध्ये चौदा वर्षांखालची पोरं आहेत. त्यांचे फोटो टाकणार. एखाद्या आईनं फोटो काढा म्हटलं तर तुम्ही डिलीट कराल, पण फेडरेशनमध्ये डिलीट म्हणजे बाकीच्या सर्व्हरना केलेली विनंती. बहुतेक ऐकतात, सगळे ऐकतीलच असं नाही.

तिसरं, 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे दुसऱ्यांचा मजकूर साठवणाऱ्यानं तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यायचा असतो, तक्रार आल्यावर 24 तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल. तुमच्या मंडळात हे कोण करणार? मॅच हरल्यावर दोन पेठांची पोरं एकमेकांना काय लिहितात ते सगळ्यांना माहीत आहे. ते सगळं एका माणसाच्या गळ्यात पडणार.

चांगला चाललेला दुसऱ्याचा सर्व्हर शोधा आणि तिथं खातं काढा. वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर 2019 च्या नोव्हेंबरमध्ये भारतातून कितीतरी लोक मॅस्टोडॉनवर गेले, त्यातल्या बहुतेकांनी असंच केलं.

बावड्याचा

रंकाळाकाठताई, दुसऱ्याचा सर्व्हरही बंद होतो. मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी हा तर जुना आणि मोठा सर्व्हर, चालवणाऱ्यानं घरच्या अडचणीमुळे 2022 मध्ये बंद केला. लोकांना आधी सांगितलं, मुदत दिली, तरी खातं हलवताना फक्त फॉलोअर पुढं गेले, पोस्टा मागंच राहिल्या. मंडळाचे फोटो एकदा गेलेत. परत त्याच वाटेनं का जायचं?

शुक्रवारपेठ, तुझ्याशी मात्र माझं भांडण आहे. तीन महिने एकटा बसशील तर तुला फेडरेशन दिसणारच नाही. एकट्याच्या सर्व्हरवर फक्त तू फॉलो केलेल्यांच्या पोस्ट येतात. एखाद्या पोस्टवर बाहेर तीस उत्तरं असतात, तुझ्याकडे चार दिसतात. हॅशटॅग शोधला तर रिकामा. पोरं एकदा येऊन बघतील, "इथं कुणीच नाही" म्हणतील आणि परत येणार नाहीत. वीस-पंचवीस जण एकदम आले तरच त्यांच्या फॉलोमुळे सर्व्हर भरतो. मी तर म्हणतो 4 जीबीची मशीन घे, मॅस्टोडॉन टाक, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना आण.

शुक्रवारपेठ

एकट्याच्या सर्व्हरवर अर्धीच चर्चा दिसते हे खरं आहे, रोज अनुभवतोय. पण मॅस्टोडॉन म्हणजे रूबी, पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक असे वेगवेगळे प्रोग्रॅम एकत्र चालवायचे, शिवाय मेल पाठवायची सोय. चार ठिकाणी बिघडू शकतं आणि दुरुस्त करणारा मी एकटा, तोही नोकरी सांभाळून. गोटूसोशल म्हणजे एक फाइल चालवायची, एक कॉन्फिग, एक एसक्यूलाइट नावाचा साधा डेटाबेस. पोरं मोबाईलवर टस्की हे अ‍ॅप वापरतील, त्यांना मागं काय आहे ते कळणारही नाही.

आणि बॅकअपचं सांगायचं राहिलं. मी रोज रात्री डेटाबेसची फाइल कॉपी करत होतो, निर्धास्त होतो. महिन्याभरानं सहज दुसऱ्या मशीनवर ती उघडून बघितली, तर शेवटच्या काही तासांचं त्यात काहीच नाही. चालू असताना एसक्यूलाइट नवीन नोंदी शेजारच्या वेगळ्या, नावाच्या शेवटी "-wal" असलेल्या फाइलमध्ये ठेवतं, ती मी घेतच नव्हतो. आता त्याच्या स्वतःच्या बॅकअप कमांडनं प्रत काढतो आणि दर रविवारी ती खरोखर उघडून बघतो. हे मला पोरांच्या पोस्टवर शिकायचं नव्हतं.

ताई, तुमच्या खासगी संदेशांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी वाचणार नाही असं म्हणू शकतो, पण तुम्ही त्यावर का विश्वास ठेवावा? म्हणून बेत बदलतोय. तीन महिन्यांनंतरही पोरांना खाती द्यायची नाहीत. सर्व्हरवर मंडळाचं एकच खातं राहील, मॅचचे निकाल, फोटो आणि पुराच्या दिवसांत पाण्याची पातळी. ज्याला बोलायचं आहे त्यानं कुठल्याही सर्व्हरवर खातं काढावं आणि तिथून आम्हाला फॉलो करावं. लहान पोरांचे फोटो फक्त टीमचे, पालकांना विचारून, नावं न लिहिता.

बावड्याचा

म्हणजे परत नोटीस बोर्डच झाला की. मला नाही पटत. पोरांना स्वतःच्या पेठेच्या नावाचं खातं मिळणं यातच खरी मजा होती.

रंकाळाकाठ

एका खात्यापुरतं असेल तर माझा विरोध नाही. पण डोमेन कुणाच्या नावावर आहे? तुम्ही उद्या नोकरीसाठी बंगळूरला गेलात तर? होस्टचं नाव, म्हणजे सर्व्हरचं डोमेन, मागाहून बदलता येत नाही असं वाचलंय.

शुक्रवारपेठ

नाही बदलता येत. एकदा बाकीच्या सर्व्हरनी ओळखलं की तीच तुमची ओळख. म्हणून भारताचं डॉट इन घेतलंय. डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं शेपूट, 2024 मध्ये क्वीअर डॉट एएफ या सर्व्हरचं डोमेन अफगाणिस्तानातल्या तालिबान सरकारनं काढून घेतलं होतं, दिसायला छान म्हणून परदेशी शेपूट लावायचं नाही. आत्ता ते माझ्या नावावर आहे, ते चुकलंच. पुढच्या बैठकीत खजिनदारांच्या ईमेलवर करून देतो, पासवर्ड दोघांकडे.

फाउंड्रीवाला

मग माझा रास्पबेरी पाय बॅकअपला तरी घे. त्याला पब्लिक आयपी लागत नाही, तो स्वतःच रात्री व्हीपीएसवरून ओढून घेईल. पुरात चार दिवस बंद पडला तरी काही अडत नाही.

शुक्रवारपेठ

घेतो. रविवारी सकाळी ये, हार्ड डिस्क घेऊन ये. पोरांच्या मोबाईलमधून गोळा झालेले फोटो आत्तापर्यंत 38 जीबी भरलेत.