निर्गुडीची चाचणी: उंदराच्या पंजाची सूज मोजून काय कळतं? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

पानझड:
निर्गुडी सूज उतरवते का, यावरचे बहुतेक प्रबंध एकाच साच्याचे असतात. पाला वाळवायचा, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, उंदराला पाजायचा, पंजात कॅराजिनन हे सूज आणणारं द्रव्य टोचायचं आणि सूज किती टक्के कमी झाली ते छापायचं. माझं म्हणणं असं, की यातून गावातला पाला चालतो की नाही, हे कळतच नाही.

आपल्याकडे निर्गुडी तीन तऱ्हांनी वापरतात: पाला गरम करून सांध्यावर बांधणं किंवा पाण्यात उकळून वाफारा घेणं, तेल सिद्ध करून चोळणं, आणि काढा. तिन्हींत वेगळी द्रव्यं उतरतात. वाफाऱ्यात उडनशील तेल येतं. काढ्यात अग्नुसाइड, नेगुंडोसाइड ही पाण्यात विरघळणारी इरिडॉइड ग्लायकोसाइडं (साखर जोडलेली द्रव्यं) येतात आणि उडनशील तेल बरंचसं उडून जातं. कॅस्टिसिनसारखं फ्लेव्होनॉइड पाण्यात फारसं उतरत नाही, त्याला स्निग्ध माध्यम लागतं. मिथेनॉलमध्ये ही दोन्ही येतात, आणि पुढे द्रावक उडवताना तेल जातं. म्हणजे जी गोष्ट कोणीच वापरत नाही, तिची चाचणी होते आणि निष्कर्ष मात्र 'पारंपरिक उपयोगाला आधार मिळाला' असा लिहितात.

मात्रेचंही तसंच. उंदराला ४०० मिग्रॅ प्रति किग्रॅ दिलं, तर शरीराच्या पृष्ठफळावरून मात्रा बदलायच्या गुणकाने (६ भागिले ३७) माणसासाठी सुमारे ६५ मिग्रॅ प्रति किग्रॅ होतात. ६० किलोच्या माणसाला जवळजवळ ३.९ ग्रॅम अर्क. वाळलेल्या पाल्यातून अर्क १० टक्के निघतो असं धरलं, तर ३९ ग्रॅम पाला. एवढा कोण घेतो?

मापनपट्टी:
मात्रेचा मुद्दा टिकत नाही. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराच्या काढ्याचं माप एक पल (जुनं वजन) द्रव्य, सोळापट पाणी, आटवून आठवा हिस्सा. पल ४८ ग्रॅम धरला, तर ७६८ मिली पाणी आणि शेवटी ९६ मिली काढा. तुमचे ३९ ग्रॅम त्याच्या आतच बसतात.

आणि कॅराजिननची पद्धत जुनी आहे म्हणून टाकाऊ ठरत नाही. विंटर, रिस्ली आणि नस यांनी ती १९६२ साली मांडली आणि आजही टिकून आहे, कारण तिच्यात सूज आणणारी द्रव्यं कुठल्या क्रमाने सुटतात ते कळलेलं आहे. पहिल्या तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिन, मग ब्रॅडिकायनिन, तिसऱ्या तासाच्या आसपास प्रोस्टाग्लँडिन. म्हणून अर्क पहिल्या तासाला उतार दाखवतो की तिसऱ्या, यावरून पुढची दिशा मिळते. निर्गुडीच्या ताज्या जून पानांच्या पाण्यातल्या अर्कावर श्रीलंकेत २००३ साली उंदरांवर काम झालं, त्यात सूज आणि वेदना या दोन्हींबरोबर हिस्टामिनविरोधी परिणामही दिसला. पाणीच वापरलं होतं, मिथेनॉल नव्हे. दोष पद्धतीचा नाही, ती ढिलाईने वापरणाऱ्यांचा आहे.

नीट करायची तर अशी: १५० ते २०० ग्रॅमचे विस्टार उंदीर, गटात सहा. एका गटाला नुसतं ०.५ टक्के सीएमसी (अर्क ज्यात घोटतात ते माध्यम), एकाला इंडोमेथासिन हे ठाऊक असलेलं सूजनाशक १० मिग्रॅ प्रति किग्रॅ, आणि अर्काच्या तीन मात्रा. अर्क तोंडाने, टोचणीआधी एक तास. कॅराजिनन १ टक्का, सलाइनमध्ये आदल्या रात्री भिजवलेलं. ऐनवेळी घोटलं की गुठळ्या राहतात आणि प्रत्येक पंजात वेगळी मात्रा जाते. उजव्या मागच्या पायाच्या तळव्यात ०.१ मिली. घोट्यावर शाईची रेघ हवीच. प्लेथिस्मोमीटरमध्ये (बुडवलेल्या पायाचं आकारमान मोजणाऱ्या यंत्रात) पाय कधी रेघेपर्यंत, कधी वर बुडाला, तर सुजेएवढीच चूक होते. मोजणाऱ्याला गट ठाऊक नको, आणि प्रत्येक उंदराचं शून्य तासाचं माप त्याच्याच मापातून वजा करायचं, गटाच्या सरासरीतून नाही.

रसशाळा:
मापनपट्टी, एक भर. बरेच जण अर्क पोटाच्या पोकळीत टोचतात. ते टाळायलाच हवं. अर्काने पोटाच्या आवरणाची जळजळ झाली, की पंजाची सूज त्यामुळेच कमी होते. कुठलंही क्षोभक द्रव्य टोचलं तरी हे होतं. तक्त्यात औषध दिसतं, प्रत्यक्षात जळजळ असते.

मात्र ताज्या पानाचा पुरस्कार करताना झाडाची ओळख विसरू नका. निर्गुडीला तीन ते पाच पर्णिका आणि पानाची खालची बाजू पांढुरकी, मऊ लवेची. तिच्याच जातकुळीतली व्हायटेक्स ट्रायफोलिया 'निर्गुडी' म्हणूनच खपते. भावप्रकाश या आयुर्वेद ग्रंथातही पांढऱ्या आणि निळ्या फुलांचा भेद आहे. बाजारातला भुकटीचा पुडा चाचणीला घेऊ नये. फुलोऱ्यासह फांदी दाबून पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात किंवा मुंबईत ब्लॅटर हर्बेरियममध्ये ओळख पटवून क्रमांक घ्यावा. तो नसेल, तर सगळी मेहनत कुठल्या झाडावर केली हेच सांगता येत नाही.

कट्टरपेशी:
उंदीर कशाला? रॉ २६४.७ पेशी (भक्षक पेशींचा प्रयोगशाळेतला वाण), एलपीएस (जिवाणूंचं दाह भडकवणारं द्रव्य) १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, २४ तास, मग ग्रीस अभिक्रियेने ५४० नॅनोमीटरला नायट्राइट, म्हणजे दाहाची खूण, मोजायचं. प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागत नाही आणि आठवड्यात आकडे हातात. निदान अंड्याच्या पांढऱ्याच्या चाचणीपेक्षा हे शंभरपट बरं.

पानझड:
अंड्याच्या चाचणीबद्दल पूर्ण सहमत. ०.२ मिली पांढरं, २.८ मिली बफर, २ मिली अर्क, ७० अंशांवर पाच मिनिटं आणि ६६० नॅनोमीटरला गढूळपणा. त्यात टॅनिन प्रथिनाला चिकटून साका करतं, अर्काचा रंग प्रकाश शोषतो, सामू सरकतो. तिला दाहशामक चाचणी म्हणायलाच नको.

पण पेशींचंही ऐका. पाल्यावर जिवाणू असतात, त्यामुळे अर्कातच एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएसच, येतं. एलपीएस न घालता अर्काच्या कूपातही (ताटलीतल्या खळग्यातही) नायट्राइट चढलं, तर एंडोटॉक्सिन निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घातलेला कूप लावून पाहा. जिवंत पेशी ओळखायच्या एमटीटी या रंगद्रव्याला अर्क स्वतःच क्षपित करतो, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात आणि 'विषारी नाही' म्हणून पुढे जातात. एमटीटी घालण्याआधी अर्क धुऊन काढा, शिवाय पेशींविना अर्क आणि एमटीटीचा कूप ठेवा.

सर्वांत मोठी अडचण निर्गुडीचीच आहे. अग्नुसाइड म्हणजे ऑक्युबिनचा एस्टर. असली ग्लायकोसाइडं आतड्यातले जिवाणू फोडतात, आणि काम करतं ते फुटल्यावर उरणारं रूप. पेशींच्या ताटलीत ते जिवाणू नाहीत. तिथे अग्नुसाइड निष्प्रभ दिसलं, म्हणून काढा निष्प्रभ ठरत नाही. म्हणजे पेशी वापरल्या की काढ्यावर अन्याय होतो.

कट्टरपेशी:
हे मान्य. मग आधी अर्क विष्ठेतल्या जिवाणूंबरोबर प्राणवायूविना २४ तास ठेवायचा आणि गाळून पेशींवर घालायचा. एंडोटॉक्सिनचा प्रश्न मात्र दुप्पट होईल.

मापनपट्टी:
काढा उंदराला पाजून पाहणं त्यापेक्षा सोपं! फक्त काढा रोज ताजा. फ्रीजमध्ये ठेवला तरी तीन-चार दिवसांत बुरशी धरतो, आणि फ्रीज-ड्राय केला तर उरलंसुरलं उडनशील तेलही जातं. प्रत्येक घाण्याचं अग्नुसाइड एचपीएलसीवर (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून लिहा, म्हणजे पुढच्याला तोच काढा करता येईल.

पानझड:
हे ठीक. पण पाला बांधण्याचं काय? ती वापराची मुख्य तऱ्हा, आणि तोंडाने दिलेला अर्क त्याचं उत्तर देत नाही. त्यासाठी छोट्या उंदराच्या (माउस) कानाची सूज घ्यावी. टीपीए (कानाला सूज आणणारं क्षोभक) २.५ मायक्रोग्रॅम, २० मायक्रोलिटर ॲसिटोनमध्ये, कानाच्या दोन्ही बाजूंना. चार ते सहा तासांनी पंचाने कापलेला कानाचा ६ मिमीचा गोल तुकडा आणि दोन कानांच्या वजनातला फरक. निर्गुडीचं सिद्ध तेल ॲसिटोनमध्ये विरघळवून लावायचं, दुसऱ्या गटाला नुसतं तिळाचं तेल. तिळाच्या तेलाचा गट बहुतेक ठिकाणी नसतोच, आणि तेलाचा स्वतःचा परिणाम निर्गुडीच्या खात्यात जमा होतो.

रसशाळा:
आणि माणसांवर करायचं तर गरम पाल्याला तुलनेचा गट गरम पाल्याचाच हवा. शेकाने वेदना कमी होतेच. त्याच तापमानाला, त्याच जाडीचा दुसरा निरुपद्रवी पाला, तोही कापडात गुंडाळून, वरून दिसू नये म्हणून. वासाचा प्रश्न उरतो. निर्गुडीचा वास लपवणं कठीण, म्हणून दोन्ही पुरचुंड्यांना वरून निलगिरीचा एकेक थेंब लावावा आणि 'कुठला पाला वाटतो?' हे रुग्णाला शेवटी विचारून उत्तर लिहून ठेवावं.